परसांतला विस्तव

मे महिन्याची सुटी जवळ येऊं लागली कीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. मुंबई-पुण्याचीं बिऱ्हाडें कोंकणांत उतरावयाचीं असतात, वीस-पंचवीस पानांची पंगत रोजचीच होते, आणि स्वयंपाकघर अपुरें पडून निम्मा स्वयंपाक परसांत जातो. यंदां मालवण, देवगड व वेंगुर्लें या बाजूंच्या तीन-चार घरांतून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आला आहे. परदेशीं घरोघर मागील अंगणांत गॅसवर चालणारें भाजण्याचें यंत्र, ज्यास ‘ग्रिल’ म्हणतात, तें असतें. तसें एक आमच्या तरुण मंडळींना आणावयाचें आहे. तर घ्यावें कीं नाहीं, आणि घ्यावें तर काय पाहून घ्यावें? एका पत्रावरून तर यंत्र आधींच ठरलें असून आमची केवळ संमति हवी आहे असें दिसतें. संमति देणें आमच्या अधिकारांतलें नाहीं. परंतु दोन गोष्टी विचारल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं: त्यावर शिजावयाचें आहे काय, आणि त्याच्यापुढें उभें राहावयाचें आहे कोणीं?

यंत्र फार गूढ नाहीं. तळाशीं बारीक छिद्रांच्या दोन-तीन लांबट नळ्या, त्यांवर उलट्या पन्हळीसारख्या लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांच्या वर जाळी आणि सर्वांवर झांकण. ज्वाळा पदार्थास भिडत नाहीं. पट्ट्या तापतात व त्यांची धग जाळीवरच्या जिनसेस लागते. अमेरिकेंत ही आवड घरोघर पसरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. शिकागोकडील वेबर नांवाच्या धातुकामाच्या कारखान्यांतील जॉर्ज स्टीफन यांनीं १९५२ सालीं, बंदरांत तरंगणाऱ्या बोयांच्या अर्धगोलांवरून सुचून, झांकणाची गोल भट्टी केली; ती कोळशाची होती. गॅसचीं यंत्रें मागाहून लोकप्रिय झालीं. बोया म्हणजे काय हें मालवणच्या वाचकांस सांगावयास नको. त्याचें जेवणाशीं असें नातें जुळेल हें मात्र त्यांच्याही मनांत आलें नसेल.

आतां या यंत्रावर भाजलेल्या पदार्थास जो खमंग धुरकट वास येतो, तो गॅसचा नव्हे. गॅस नीट जळला म्हणजे पाण्याची वाफ आणि कार्बन डायॉक्साइड एवढेंच उरतें, आणि त्यांस चव नाहीं. मांसांतली चरबी गळून तापलेल्या लोखंडावर पडते, जळते, आणि तिचा धूर पुन्हा वर पदार्थास लागतो. खरी मौज ती. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं असें गळणारें कांहीं जाळीवर चढत नाहीं. मालवणकडील कांहीं सारस्वत घरांतून बांगडा व तारली भाजतात. हे मासे तेलकट, म्हणून त्या घरीं या यंत्राचें थोडें तरी चीज होईल, मात्र जाळी वेगळी ठेवण्याचा घरचा शिरस्ता नव्या यंत्रालाही लागूच समजावा. बाकीच्यांनीं आपापली यादी करून पाहावी. भरताचें वांगें सरळ ज्योतीवर भाजलेलें बरें, कारण त्याची साल करपली पाहिजे. घावनांस व आंबोळ्यांस बिडाचा तवा लागतो. पानगीस तवा, केळीचें पान आणि वर झांकण. फणसाच्या आठळ्या निखाऱ्यांखालच्या गरम राखेंत पुरल्या कीं जशा होतात तशा कोठल्याही जाळीवर होत नाहींत. राहिले पापड, आणि पापड भाजावयास झांकणाचें यंत्र घेणें म्हणजे सुपारी फोडावयास घण आणणें होय.

हिशेबही पाहावा. तीन नळ्यांच्या मध्यम ग्रिलावर साधारण ३०,००० बीटीयू असा आंकडा असतो; ही एका तासांत मिळणारी उष्णता. ती देण्यासाठीं सर्व तोट्या पूर्ण सोडल्या असतां ताशीं सुमारें ७०० ग्रॅम गॅस जळतो. म्हणजे १४.२ किलोचें घरगुती सिलिंडर वीस तासांत रिकामें. घरांतील शेगडीचा मोठा बर्नर ताशीं दीडशें ते दोनशें ग्रॅमांवर भागवतो. दोन-चार संध्याकाळच्या हौसेस हा खर्च कोणी मोजीत नाहीं. परंतु सबंध महिना वीस माणसांचें रांधावयाचें तर मोजला पाहिजे.

म्हणून आमचें मत असें कीं, या किनाऱ्यावरील घरानें झांकणाच्या ग्रिलाऐवजीं दोन मोठ्या बर्नरांची, जाड बांध्याची, आयएसआय चिन्हाची साधी शेगडी घ्यावी. तिच्यावर बसेल असा बिडाचा मोठा तवा आणि एक जाड तारेची जाळी करून घ्यावी. आणि ज्यांना निखाऱ्याचीच चव हवी त्यांच्यासाठीं कोपऱ्यांत करवंट्यांच्या कोळशाची लहानशी शेगडी असूं द्यावी. करवंट्यांचा निखारा कडक पडतो, पुष्कळ वेळ टिकतो, आणि नारळाच्या मुलुखांत तो विकत घ्यावा लागत नाहीं. घरगुती गॅसशेगड्यांचा जो भारतीय मानकाचा नियम आहे त्याप्रमाणें शेंकडा ६८ तरी उष्णता भांड्यास पोंचली पाहिजे. उघड्या जाळीच्या यंत्राकडून अशी अपेक्षा करतां येत नाहीं.

तरीही ग्रिल घेणारे घेतीलच. त्यांनीं प्रथम समुद्राचें स्मरण ठेवावें. खाऱ्या हवेंत पोलाद कसें सडतें हें तारकर्ली-देवबागच्या खिडक्यांचे गज पाहून कळतें. दुकानदार ‘स्टेनलेस’ म्हणून सांगतो, परंतु त्या एका नांवाखालीं अनेक जाती आहेत. ४३० नंबरच्या जातीस लोहचुंबक चिकटतो व ती येथें लवकर गंजते. २०२ नंबरच्या जातीस चुंबक चिकटत नाहीं, पण तींत महाग निकेलची जागा बऱ्याच अंशीं मँगॅनीजनें घेतलेली असल्यामुळें तिलाही लवकरच तांबूस डाग पडून पुढें खड्डे पडतात. तेव्हां चुंबक चिकटला तर वस्तु परत करावी हें खरें, पण न चिकटला म्हणजे वस्तु उत्तम असें मात्र नव्हे. ३०४ नंबर लिहून मागावा. कांठावरील घरास ३१६ अधिक चांगला, त्यांत मॉलिब्डेनम असतें. पण त्याची किंमत ऐकून पुष्कळांचा उत्साह मावळेल. बर्नर पितळी असावा. आणि परदेशांतून कोणी आप्त असें यंत्र बरोबर आणीत असेल तर त्यास वेळींच पत्र घालावें. तेथील तोट्या व रेग्युलेटर आपल्या सिलिंडरास बसत नाहींत, आणि गांवच्या कारागिराकडून जोडकाम करून ते बसविणें हा विस्तवाशीं नव्हे, जिवाशीं खेळ आहे.

जागा निवडतांना चूक होते ती अशी. परसांत मोकळी हवा आहे, मग भय कसलें, असें माणसें समजतात. सिलिंडरांतला गॅस प्रोपेन व ब्यूटेन यांचा असून हवेपेक्षां दीडपट ते दुप्पट जड असतो. तो गळला तर वर उडून जात नाहीं. पाण्यासारखा सखल जागेकडे उतरतो आणि तेथें सांचतो. कोंकणी परसांत सखल जागा पुष्कळ: न्हाणीचा पाट, माडाचें आळें, विहिरीचा कठडा नसेल तर विहीर. यांपासून शेगडी दूर, उंचवट्यावर असावी, आणि जवळपास दुसरी चूल पेटलेली नसावी. वाऱ्यास आडोसा हवा, कारण दुपारच्या खाऱ्या वाऱ्यानें ज्योत विझते आणि गॅस तसाच सुटत राहतो. पण आडोसा दोनच बाजूंनीं असावा, व सिलिंडर कधींही पेटींत किंवा खड्ड्यांत कोंडूं नये. चिऱ्याचा ओटा बांधावा. तो किती उंच असावा हें गवंड्यास विचारूं नये. जिला तेथें रांधावयाचें आहे तिला उभें करावें आणि मोठ्या पातेल्याचा कांठ तिच्या कोपराच्या वीतभर खालीं येईल असा ओटा उचलावा. सिलिंडर ओट्याच्या खालच्या पातळीवर, उभेंच.

रबरी नळी दीड मीटरहून लांब नको, आंत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळीच घ्यावी आणि ती पांच वर्षांनीं बदलावी. आमच्या बाजूस उंदीर तितके दिवस थांबत नाहींत. म्हणून दर आठवड्यास साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात काय हें पाहावें, काडी ओढून पाहूं नये. सिलिंडराच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर आंतून एक अक्षर व दोन आंकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी पुढचे तीन महिने, याप्रमाणें डीपर्यंत, आंकडे वर्षाचे. ती मुदत उलटलेलें सिलिंडर परत पाठवावें. लग्नकार्याला आचारी आणतात त्या मोठ्या दाबाच्या भट्ट्या घरगुती सिलिंडरास जोडूं नयेत. गॅस वेगानें ओढला कीं सिलिंडर थंड पडून त्यास घाम सुटतो, ज्योत मंदावते, आणि मग कोणीतरी शहाणा त्यावर कढत पाणी ओततो! गळतीची शंका आली तर १९०६ हा क्रमांक देशांत कोठूनही लागतो. तो मुलांनाही पाठ असावा.

एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. सालासकट काजू या शेगडीवर किंवा ग्रिलवर कोणीं भाजूं नये. काजूच्या टरफलांतलें तेल कातडीस लागलें कीं फोड येतात, त्याचा धूर डोळ्यांस व घशास झोंबतो, आणि तापल्यावर तें तेल भडकन पेट घेतें. जुनीं माणसें काजू घरापासून दूर, वाऱ्याकडे पाठ करून, भोकें पाडलेल्या पत्र्यावर भाजीत, आणि सोलण्यापूर्वीं बिया राखेंत घोळीत. त्यांत समजूतदारपणा होता. शहरांत वाढलेल्या मुलांस हा खेळ वाटतो व तीं यंत्र आलें कीं प्रथम काजूकडेच धांव घेतात.

येथवर आम्ही सिलिंडरच्या गॅसविषयींच बोललों. बर्माशेल कंपनीनें तो १९५५ सालीं मुंबईंत ‘बर्शेन’ या नांवानें घरगुती उपयोगासाठीं आणला, आणि कोंकणच्या खेड्यांत पोंचावयास त्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. परंतु परसांत जळणारा दुसरा एक गॅस सिंधुदुर्गांत घरोघर तयार होतो, आणि ग्रिलाच्या गोष्टी बोलतांना त्याची आठवण कोणी काढीत नाहीं याचें आम्हांस नवल वाटतें. कुडाळ तालुक्यांतील झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान या संस्थेनें जिल्ह्यांतील हजारों घरांच्या परसांत गोबरगॅसचे घुमट बांधून दिले आहेत. ही कल्पना आपल्याकडे अगदीं नवी नाहीं. मुंबईस माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालींच मैल्यापासून गॅस धरण्याची व्यवस्था झाली होती. शेणापासून गॅस करण्याचे प्रयोग दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेंत १९३९ च्या सुमारास झाले, आणि जशभाई पटेल यांचा तरत्या टोपाचा संच १९५० नंतर खादी-ग्रामोद्योगानें पुढें नेला. कणकवलीस गोपुरी आश्रम उभारणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनीं मैल्याचें सोनखत करण्यासाठीं आपलें आयुष्य वेंचलें. ज्या घरांत त्या काळीं त्यांच्या नांवानें नाकें मुरडलीं गेलीं, त्याच घरांत आज गोठ्यामागें घुमट आहे व कोणी नाक मुरडीत नाहीं.

गोबरगॅसचें गणित सोपें आहे. पंचवीस किलो ताज्या शेणापासून दिवसाला सुमारें एक घनमीटर गॅस होतो, आणि तो सिलिंडरच्या जवळजवळ ४३० ग्रॅम गॅसाइतकें काम करतो. दोन घनमीटरच्या संचास रोज पन्नास किलो शेण व तितकेंच पाणी लागतें. कोंकणांतलीं गुरें अंगानें लहान. देशावर चार-पांच जनावरांवर भागतें तेथें आपल्याकडे पांच-सहा धरावीं, आणि एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचें पाणी पुरतें काय हें आधीं पाहावें. खाडीकांठीं पावसाळ्यांत पाणी जमिनीच्या अगदीं वर येतें. तेथें खड्डा खणण्यापूर्वीं जाणत्याचा सल्ला घ्यावा. उलटपक्षीं, जंतूंना लागणारी ऊब आपल्या हवेंत बारमाही असते. देशावर थंडींत गॅस कमी पडतो तसा येथें सहसा पडत नाहीं. या गॅसाचा दाब थोडा म्हणून त्याचा बर्नर निराळा, मोठ्या छिद्रांचा घ्यावा. नळींत पाणी सांठतें व ज्योत उचक्या देऊं लागते. नळी उतरती ठेवून सखल टोंकास पाणी काढण्याची तोटी बसवावी. मोठें ग्रिल या गॅसावर लावाल तर दिवसाचा सगळा सांठा सव्वा-दीड तासांत संपेल. पण आंब्याचा रस आटविणें, मोदकांचें वा पातोळ्यांचें पात्र चढविणें, कुळीथ शिजविणें, अशा मंद आंचेच्या कामास तो उत्तम.

आणि याच ठिकाणीं आम्हांस जें मुख्यतः म्हणावयाचें आहे तें येतें. ग्रिलाची संध्याकाळ वर्षांतून आठ-दहा वेळां येणार. त्या दिवशीं घरचे पुरुष हातांत चिमटा घेऊन उभे राहतील, मुलें भोंवतीं नाचतील, छायाचित्रें निघतील; त्यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु त्याच परसांत, दहा पावलांवर, न्हाणीची चूल रोज पहांटे पेटते. तेथें चिमटा घेऊन कोण बसतें? घरची धाकटी सून, नाहीं तर कामाला येणारी बाई. चुडतें, सोडणें, ओलसर लांकडें, आणि फुंकणी. वीस माणसांच्या स्नानास माणशीं वीस लिटर पाणी पंधरा अंशांनीं तापवावयाचें म्हटलें तर सहा हजार किलोकॅलरी उष्णता पाण्यांत गेली पाहिजे. उघड्या चुलींतली फार तर शेंकडा पंधरा उष्णता हंड्यास लागते. म्हणजे अकरा-बारा किलो सुकें लांकूड रोज, आणि त्याचा धूर त्या एका बाईच्या नाकाडोळ्यांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतील अशा धुराच्या पायीं २०२० या एका वर्षांत जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं. दमा, छातीचा जुना खोकला आणि मोतीबिंदू यांचा या धुराशीं संबंध आहे हें वैद्यकास ठाऊक झालें आहे. स्वयंपाकघरांत गॅस आला म्हणून घर धुरांतून सुटलें असें आपण समजतों, पण धूर मागील दारीं जाऊन बसला आहे इतकेंच. जुनीं घरें पाहतांना आम्हांस असें कित्येकदां आढळलें कीं, ओट्यावर चकचकीत शेगडी आहे आणि न्हाणीची भिंत मात्र अजून काळीकुट्ट आहे.

म्हणून खर्चाचा क्रम ठरवितांना प्रथम न्हाणीकडे पाहावें. ज्या घरीं गुरें आहेत तेथें दोन घनमीटरचा संच दहा-पंधरा माणसांच्या स्नानाचें पाणी तापवील. गुरें नसतील तर सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणारा संच ऑक्टोबर ते मे उत्तम चालतो. पावसाळ्यापुरती दुसरी सोय ठेवावी लागते. तेंही न जमलें तर निदान हंडा काढून तांब्याचा बंब बसवावा. बंबाच्या मधून विस्तवाची नळी जात असल्यामुळें तेवढ्याच पाण्यास लांकूड पुष्कळ कमी लागतें, व वर धुराडें जोडून धूर छपराबाहेर काढतां येतो. धुराड्याचा पत्रा खाऱ्या हवेनें दोन-तीन वर्षांत जाईल. तो बदलण्याचें काम मात्र घरांतील ज्या पुरुषास ग्रिलाची फार हौस असेल त्याच्याकडे द्यावें. पैसे एकालाच पुरत असतील तर कोणती वस्तु आधीं यावी हें ज्येष्ठांनीं ठरवावें, आणि ठरवितांना पहांटे उठणाऱ्या बाईस तेथें बसवून घ्यावें.

हें झाल्यावर ग्रिल आलें तर आमची हरकत कशास असेल? मृग लागण्यापूर्वीं तें पडवींत किंवा मांगरांत आणावें, सिलिंडर सोडवून त्यास टोपी लावावी, जाळी घासून तिला तेलाचा हात फिरवावा. पावसाच्या तीन महिन्यांत बर्नरच्या नळ्यांतून कोळी घरटीं करतात. गणपतीच्या सुटींत एकदम पेटविलें तर गॅस पुढें न जातां मागें फिरून तोटीपाशींच ज्योत घेतो. तेव्हां आधीं नळ्या काढून बाटली धुण्याच्या लांब कुंचल्यानें आरपार साफ कराव्या, आणि पेटवितांना झांकण अगोदर उघडावें, तोटी मागाहून.